तीन घरचा शब्द

त्यांची दोन बोटं वर गेली की वर्ग जागच्या जागी थांबायचा. पाणी पिणारा मुलगा बाटली तोंडापासून दूर धरायचा. शेजारणीची वेणी ओढणारी मुलगी वेणी हातात तशीच ठेवून बघायची. मग त्या म्हणायच्या, "दोन घरचा!"

म्हणजे कोणीतरी असा शब्द बोललं होतं, जो मराठीतही राहतो आणि हिंदीतही, पण दोन्ही घरी वेगळा वागतो. इकडचं घर म्हणजे मराठी, तिकडचं घर म्हणजे हिंदी. उन्हाळी शिबिराच्या त्या वर्गात एवढं एकच तंत्र होतं.

"मॅम, माझी पीठ दुखते," असं एक मुलगी म्हणाली, तेव्हा मी दारात उभा होतो.

"दोन घरचा! तिकडच्या घरी पीठ म्हणजे का?"

"बॅक!" सगळे ओरडले.

"अन् इकडच्या घरी?"

"आटा!"

"मंग तुयं पीठ काहून दुखून राहिलं? चक्कीत जास्त दळलं का?"

मुलगी हसली, वर्ग हसला, आणि 'पाठ' हा शब्द त्या मुलीला जन्मभरासाठी मिळाला. तो फळ्यावर लिहावा लागला नाही.

रायपुरातल्या मराठी घरांमध्ये तुम्ही हे ऐकलं असेल. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मुलांना सगळं समजतं. मराठी त्यांच्या कानात असते, तोंडात येत नाही. पहिल्या दिवशी त्या मुलांना हेच सांगायच्या, "पोट्टे हो, मी तुमाले मराठी शिकवाले नाही आली. ते तुमाले येते. ते झोपून राहिली हाय. तिले उठवाचं हाय."

त्या पुरानी बस्तीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. गोंदियाकडच्या एका खेड्यातल्या. शिक्षिका होण्यासाठी डी.एड.ला नाव घातलं होतं, तेवढ्यात लग्न झालं आणि त्या रायपूरला आल्या. नवरा रेल्वेत होता. तो लवकर गेला आणि त्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली. निवृत्त होईपर्यंत त्या स्टेशनावरच्या पूछताछच्या खिडकीत बसल्या. शहरातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्यांना गाडी कधी येणार हे विचारलं असेल, आणि त्यातल्या कोणालाही त्यांचा चेहरा आठवत नसेल. खिडकीच्या गोल भोकातून लोक त्यांना 'मैडम' म्हणत, 'दीदी' म्हणत, घाईत असले तर नुसतं 'ओ' म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांनी शाळेकडे एकच गोष्ट मागितली. मे महिन्यात जे शिबिर भरतं, त्यात मराठी बोलण्याचा एक वर्ग. शाळा जुन्या मराठी मंडळींनी काढलेली आहे. आता तिथे मराठी कोणत्याच इयत्तेत शिकवत नाहीत, पण मंडळींचे फोटो कार्यालयात आहेत. फोटोंचा मान राखून वर्ग मंजूर झाला. खोली मिळाली ती पाण्याच्या कूलरशेजारची, ज्यात पाय मोडलेलं टेबल टेनिसचं टेबल ठेवलेलं असे. बाजूच्या हॉलमध्ये नृत्य, मैदानावर कराटे, वरच्या मजल्यावर रोबोटिक्स. सकाळी सातला सुरू होऊन दहाला सगळं बंद, कारण त्यानंतर मैदानावर उभं राहवत नाही.

माझं ऑफिस दुपारी सुरू होई. त्यामुळे सकाळी त्यांना स्कूटरवर शाळेत सोडणं आणि परत आणणं माझ्याकडे आलं. मी एका हिंदी दैनिकात आहे. दारात उभं राहून बघणं हा माझा पेशाच, आणि तो वर्ग बघण्यासारखा होता.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच पाच मिनिटांत, त्या मुलांना म्हणाल्या, "मले बाई म्हणा."

वर्गात खसखस पिकली. पहिल्या रांगेत संबोधी नावाची मुलगी बसली होती. चौथीत होती. वडील रेल्वेत, आई सरकारी कार्यालयात. ती भांडखोर नव्हती, पण तिला प्रश्न पडला की तो विचारल्याशिवाय राहवत नसे. ती उठून उभी राहिली.

"लेकिन मॅम, बाई तो हमारे घर आती है. बर्तन मांजने."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी बाई येत होती.

मला वाटलं, आता या रागावतील. त्या म्हणाल्या, "मंग बरोबर हाय ना. ते भांडे घासते, मी तुमच्या जिभा घासते. दोघी बाई."

मुलांना हे पटलं, पण घरी जाऊन सांगताना त्यातलं अर्धंच पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर सांभाळणारी तरुण शिक्षिका कूलरपाशी त्यांची वाट बघत होती. मुलगी अदबीची होती. तिला हे बोलणं जड जात होतं.

"आंटी, बुरा मत मानिएगा. एक पैरेंट का मैसेज आया है. बच्चे टीचर को 'बाई' कहें, उनको अच्छा नहीं लग रहा. आपकी इज़्ज़त के लिए ही कह रही हूँ. 'मैम' चलेगा न?"

"हव. चलेगा," त्या म्हणाल्या. पूछताछच्या खिडकीतला तो जुना, सपाट आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

तो मेसेज संबोधीच्या आईचा होता, हे नंतर कळलं.

परतताना स्कूटरवर मी त्यांना विचारलं की एवढं काय आहे त्या शब्दात. त्यांनी उत्तर दिलं ते अख्खं माझ्या पाठीला दिलं, कारण मी गाडी चालवत होतो. त्यांच्या गावच्या शाळेत एक बाई होत्या. सायकलवर यायच्या. त्या दिसल्या की बाजेवर बसलेला सरपंच उठून उभा राहायचा. नांगर धरलेला माणूस बैल थांबवायचा. गावात कोणाला ताई, कोणाला वहिनी, कोणाला काकू म्हणत. नातं सगळ्यांशी असे. "बाई मात्र एकच. तिले नुसतं बाई म्हटलं की समजे. नाव लावा लागत नव्हतं." मग त्या जरा थांबल्या. "मले त्या व्हाचं होतं. खिडकीत बसली. आता मे महिन्यापुरती तं होऊ द्या."

"आणि कोणी म्हटलंच नाही तर?"

"गाडी लेट हाय," त्या म्हणाल्या. "रद्द नाही झाली."

त्यानंतर त्यांनी तो विषय वर्गात एकदाच काढला. "मॅम म्हणा. चांगला शब्द हाय. पण ज्याले जेव्हा समजन तवा त्यानं बाई म्हणाव. जबरदस्ती नाई." आणि त्या दिवसाचा खेळ सुरू केला.

खेळ चांगला रंगत होता. मुलं आता स्वतःच शब्द पकडून आणत, जसे कोणी पाखरं पकडून आणतात. 'खाली' सापडला: डबा खाली आहे म्हणजे रिकामा की बाकाच्या बुडाशी? 'ऊन' सापडलं. त्यावर एका मुलाने खरोखर विचारलं, "आजी कहती है बाहर मत जा, ऊन है. गर्मी में स्वेटर कौन बुनता है?" 'आई' सापडली, तेव्हा मुलं 'आई आई, आई आई' असं म्हणत वर्गभर फिरली: इकडच्या घरची आई, तिकडच्या घरचं येणं. बाजूच्या हॉलमधून नृत्याच्या वर्गातल्या मुली पाणी प्यायला येत आणि कूलरपाशी रेंगाळत. त्यांच्या शिक्षिकेला त्यांना हाका मारून न्यावं लागे.

संबोधीला रोज दहा वाजता न्यायला तिच्या घरची बाई येत असे. अभनपुरच्या बाजूची, छत्तीसगढी बोलणारी, बोलण्यात मोकळी. वर्ग लांबला की ती दाराबाहेर ओट्यावर बसून ऐकायची आणि मुलांपेक्षा आधी हसायची. एक दिवस संबोधीने तिलाच विचारलं की तुमच्याकडे बाई कोणाला म्हणतात.

ती पदर तोंडाला लावून हसली. "हमर डहर तो बाई माने घरवाली. मोर गोसइया मोला बाई कथे."

गोसइया म्हणजे नवरा, हे रायपुरातल्या मुलांना सांगावं लागत नाही. वर्गात एकदम गलका झाला. आणि मी पाहिलं, त्यांचा हात वर गेला होता, पण बोटं दोन नव्हती. तिसरं बोट हळूच उघडलं, जणू त्यांनाही ते आता कळत होतं.

"तीन घरचा," त्या म्हणाल्या. "पोट्टे हो, तीन घरचा शब्द मी आजवर पाह्यला नव्हता."

तिसरं घर छत्तीसगढी. मुलांनी तीन बोटं वर करून पाहिली. सोपं नाही ते, करंगळी मध्ये येते. संबोधीने अंगठ्याने करंगळी दाबून धरली आणि बराच वेळ तशीच बसली.

शेवटच्या आठवड्यात शाळा समितीचे अध्यक्ष वर्ग बघायला आले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या शर्टातले, स्वच्छ प्रमाण मराठी बोलणारे गृहस्थ. समारोपाला मुलांनी काय सादर करायचं ते त्यांना ठरवायचं होतं. मुलांनी त्यांना खेळ दाखवला. "मले वाटते", "तुले का वाटते" असं ऐकत ते बसले होते, आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत होती. शेवटी एका मुलाने सांगितलं, "आम्ही भाय चेष्टा केली." त्याला म्हणायचं होतं, खूप प्रयत्न केला.

"चेष्टा? कोणाची चेष्टा?" अध्यक्ष त्यांच्याकडे वळले. "हे काय चाललंय? मले, तुले, चेष्टा. अशी भाषा ऐकली की मला राग येतो."

मागच्या रांगेतल्या एका छोट्या मुलाने आदराने विचारलं, "कौन-सा, दादाजी?"

"काय कोणता?"

"राग. कौन-सा आता है आपको? मेरी दीदी को यमन आता है."

फळ्यापाशी त्यांची दोन बोटं वर गेली खरी, पण 'दोन घरचा' म्हणायला तोंड उघडेना, कारण ओठ दाबून धरले होते. अध्यक्ष आधी मुलाकडे, मग बोटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छ होता. "यमन नाही येत," ते म्हणाले. माणूस मुळात चांगला होता. जाताना त्यांनी खेळच सादर करायला परवानगी दिली, आणि वर म्हणाले, "यांना मॅम काय म्हणता? मराठीत बाई म्हणतात. मी शाळेला सांगून तसा नियमच करतो."

मला वाटलं, झालं, मिळालं यांना हवं ते. आयतं समोर आलेलं.

"नको सर," त्या म्हणाल्या. "नियमानं म्हटलं तं तो हुद्दा झाला. हुद्दा मले रेल्वेनं देल्ला होता."

समारोप शाळेच्या हॉलमध्ये झाला. कराटेवाल्यांनी कौलं फोडली, नृत्य झालं, रोबोट टेबलावरून चालत जाऊन थांबला. मराठीचा क्रम शेवटून दुसरा होता. हॉलमधले लोक तोवर घड्याळाकडे बघू लागले होते. मुलं दोन रांगांत बसली, इकडचं घर आणि तिकडचं घर, मध्ये दार म्हणून एक रिकामी खुर्ची. शब्द खुर्चीत येऊन बसायचा आणि दोन्ही घरं त्याच्यावर हक्क सांगायची. 'पीठ' आलं, तेव्हा आज्या हसल्या. 'राग' आला, तेव्हा अध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने हसले. 'ऊन' येईपर्यंत प्रेक्षकांतून शब्द यायला लागले होते. लोकांनी घड्याळं बघणं सोडलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उभं राहून 'शिक्षा' दिला, आणि आपल्यालाच सुचल्याच्या आनंदात ते खाली बसायचं विसरले.

त्या रंगमंचावर नव्हत्या. बाजूच्या भिंतीपाशी, खांबाला टेकून उभ्या होत्या. मुलांच्या ओठांबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

शेवटी संबोधी माईकपाशी आली. कार्यक्रमात ठरलेलं वाक्य होतं, 'अब हम मंच पर बुलाते हैं हमारी मराठी मैम को.' ते मीही वाचलं होतं. तिने हातातला कागद मिटला. मग तिने अंगठ्याने करंगळी दाबली आणि तीन बोटं वर केली.

"एक शब्द तीन घरी राहते," ती म्हणाली. महिनाभरात मी तिला सलग मराठी बोलताना ऐकलं नव्हतं. "एका घरी तो भांडे घासते. एका घरी तो बायको असते. तिसरं घर मले समजाले टाइम लागला. तिथं तो शब्द आला की सगळे उठून उभे राह्यतात." तिने भिंतीकडे पाहिलं. "बाई, वर या."

तेवढ्यात अगदी मागून, दाराजवळून, आवाज आला, "हव! का होगे, नोनी?"

संबोधीची बॅग पोटाशी धरून तिच्या घरची बाई उभी होती. तिला वाटलं, आपल्यालाच हाक मारली. आधी कोणीतरी एक हसलं, मग सगळा हॉल हसला. ती गोंधळून खाली बसू लागली. माईकपाशी संबोधीचा चेहरा पडला. जे तिने महिनाभर मनात जुळवलं होतं, ते हाताबाहेर चाललं होतं.

त्या भिंतीपासून निघाल्या. रंगमंचाकडे गेल्या नाहीत. रांगांमधून सरळ मागे दारापर्यंत गेल्या आणि त्या बाईचा हात धरला.

"चला बाई," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण खिडकीतून फलाटापर्यंत पोचणारा तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "दोघीले बोलावलं."

दोघी चालत पुढे आल्या. तिसऱ्या रांगेतून संबोधीची आई उठली. तिने घरच्या बाईच्या हातातली बॅग स्वतःकडे घेतली आणि तशीच उभी राहिली. तिच्या शेजारचे उठले. अध्यक्ष उठले. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज मागेपर्यंत जात राहिला. कोणी सूचना दिली नव्हती. मी बातमीदार म्हणून पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. हॉल उभा राहतो तेव्हा कोणीतरी खूण केलेली असते. इथे खूण केली होती ती फक्त एका मुलीने, तीन बोटांची.

मुलं एकदम ओरडली, "बाई!" यावेळी दोघींनी ओ दिली.

परतताना त्या नेहमीसारख्या स्कूटरवर मागे बसल्या. घरापाशी उतरल्या, कुलूप काढलं, आणि दारात वळून म्हणाल्या, "लेट होती. पण आली."

त्यानंतर प्रत्येक मे महिन्यात त्या बाई होत्या. नव्या मुलांना जुनी मुलं आधीच सांगून ठेवत. खोली बदलून मोठी मिळाली. टेबल टेनिसच्या टेबलाला पाय मात्र कोणी लावला नाही. ते त्यांच्याबरोबर नव्या खोलीत आलं.

गेल्या थंडीत त्या गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. आमच्या दैनिकासाठी बातमी मीच लिहिली. शीर्षकात 'बाई' लिहिलं होतं. डेस्कवरच्या सहकाऱ्याने ते काढून 'वरिष्ठ शिक्षिका' केलं. त्याचं चुकलं नाही. हिंदी पानावर तो शब्द तिकडच्या घरातलाच वाचला गेला असता. त्यांच्यासाठी योग्य शब्द इकडच्या घरीच होता, म्हणून हे इकडे लिहिलं.

या मे महिन्यात शिबिराची बातमी घ्यायला गेलो. मराठीचा वर्ग चालू आहे. वर्ध्याकडचा एक तरुण घेतो. बँकेत नोकरीला आहे, सकाळी वर्ग घेऊन मग कामावर जातो. भरघोस दाढी, जाड आवाज. मी दारात उभा राहिलो, माझ्या जुन्या जागी.

पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीने हात वर केला. "बाई, पानी पीकर आऊँ?"

"पाणी पिऊन येऊ का, असं म्हण," तो म्हणाला.

"पाणी पिऊन येऊ का, बाई?"

"ये."

वर्ग सुटायच्या आधी तो दारापाशी आला, तेव्हा मी विचारलं. तो दाढी खाजवत हसला. "पहिल्या दिवशी सांगितलं ना, सर म्हणा. तर मुलं म्हणतात, सर कराटेचे असतात. मराठीचे बाई असतात."

"मग तुम्ही?"

"मग काय. उठून उभे राहिले सगळे. मलाही ओ द्यावी लागली."

मी हात वर केला. चार बोटं सहज उघडतात, अंगठा तेवढा मिटावा लागतो. पाणी पिऊन, बाटली भरून परत आलेल्या मुलीने ती मोजली. बाटली तोंडाशी नेता नेता तिने तशीच दूर धरली, आणि वर्ग जागच्या जागी थांबला.